आंघोळीच्या साबणाने दाढी करायची असेल तर

शेव्हिंग क्रीमची ट्यूब पिळून पिळून चपटी झाली आहे, दुकानं उघडायला अवकाश आहे आणि सकाळी नऊला मुलाखत आहे. किंवा प्रवासात रेझर बॅगेत आला, ब्रशही आला, क्रीम मात्र घरच्या आरशासमोर राहिलं. हॉस्टेलवर, कामाच्या साइटवर, ट्रेकच्या मुक्कामी असा प्रसंग बहुतेकांवर येतो. काहींचा प्रश्न अडचणीचा नसतो, खर्चाचा किंवा आवडीचा असतो. घरात साबण असताना वेगळी ट्यूब कशाला, असं त्यांना मनापासून वाटतं. दोघांनाही उत्तर एकच: आंघोळीच्या साबणाने दाढी होते, आणि चांगली होते. मात्र क्रीमच्या सवयीने केलीत तर होत नाही. ओल्या गालावर वडी फिरवली, हाताने थोडा फेस केला आणि लगेच पातं ओढलं, की गालाची आग होते, मानेवर लाल पुरळ उठतं आणि माणूस साबणाला कायमची नावं ठेवतो. दोष साबणाचा थोडा आणि घाईचा जास्त असतो.

दाढीचे केस साबणाने मऊ होतात असा सार्वत्रिक समज आहे. केस मऊ करतं ते पाणी. मुंजीत किंवा जावळ काढताना न्हावी काय करतात ते आठवा. ओंजळीने पाणी घेऊन डोकं भिजवतात, बोटांनी चोळून चोळून ते मुरवतात आणि मगच वस्तरा लावतात. तिरुमलाच्या कल्याणकट्ट्यात रोज हजारो भाविकांचं मुंडण होतं, तेही पाण्याने भिजवलेल्या केसांवरच. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. पाणी आत शिरलं की तो फुगतो, लवचीक होतो आणि कापायला लागणारा जोर बराच कमी होतो. याला दोन-तीन मिनिटं लागतात. पाणी कोमट असेल तर काम लवकर होतं.

मग साबण कशासाठी? केसावरचा आणि कातडीवरचा तेलकटपणा काढून पाण्याला आत शिरायला वाट करून देणं हे त्याचं पहिलं काम. शिरलेलं पाणी वाळू न देणं हे दुसरं. पातं आणि कातडी यांच्यामध्ये निसरडा थर ठेवणं हे तिसरं. पहिलं काम आंघोळीचा साबण क्रीमपेक्षा काकणभर सरसच करतो. तिसरं बऱ्यापैकी निभावतो. दुसऱ्यात तो मार खातो, कारण त्याचा फेस पाहता पाहता विरतो. पुढच्या बहुतेक सूचना या एका उणिवेवर मात करण्यासाठी आहेत.

ही उणीव येते कुठून, ते समजून घेतलं तर साबण निवडणंही सोपं जातं. तेलातली मेदाम्लं आणि अल्कली यांचा संयोग म्हणजे साबण. आंघोळीच्या वडीत अल्कली सोडियमची असते, म्हणून वडी कडक राहते, हळूहळू झिजते आणि महिनाभर पुरते. तेलं मुख्यतः दोन प्रकारची: एक पाम तेल, आणि दुसरं पामच्या बियांच्या गराचं तेल किंवा खोबरेल. खोबरेल तेलात जवळपास निम्मं लॉरिक आम्ल असतं. त्याचा फेस झटपट येतो, भरपूर येतो, पण मोठमोठ्या बुडबुड्यांचा असतो. बुडबुड्याच्या भिंतीतलं पाणी निथळत जातं, भिंत पातळ होते आणि फुटते. शेव्हिंगच्या साबणाची घडण वेगळी. त्यात स्टिअरिक आम्ल मुद्दाम भरपूर घालतात आणि सोडियमच्या जोडीला पोटॅशियमची अल्कली वापरतात. स्टिअरिक आम्लामुळे फेस बारीक, दाट आणि पाणी धरून ठेवणारा होतो. पोटॅशियममुळे साबण मऊ राहतो आणि ब्रशवर चटकन चढतो. आंघोळीच्या साबणाचा कणा असलेल्या पाम तेलात स्टिअरिक आम्ल जेमतेम 4-5 टक्के असतं. म्हणजे कितीही घोटला तरी न्हाणीघरातल्या वडीचा फेस क्रीमइतका टिकणार नाही. पण तो दहा मिनिटं टिकायची गरजच नसते. एक गाल होईपर्यंत टिकला तरी पुष्कळ.

आता वडी कोणती घ्यायची? जाहिरात बाजूला ठेवा आणि वेष्टनाची मागची बाजू उजेडात धरून वाचा. तिथे बारीक अक्षरात ‘टॉयलेट सोप’ किंवा ‘बेदिंग बार’ असं लिहिलेलं असतं आणि बहुधा जवळच टीएफएम म्हणजे एकूण मेदाम्लांची टक्केवारी असते. भारतीय मानकांप्रमाणे टॉयलेट सोपची पहिली प्रत म्हणजे किमान 76 टक्के टीएफएम, दुसरी 70 आणि तिसरी 60. बेदिंग बारला 40 टक्केही पुरतात. बाकीची जागा भरणीचे पदार्थ, ओलावा वगैरेंनी व्यापलेली असते. दाढीसाठी पहिल्या प्रतीचाच साबण घ्या. दाट फेसाला मुळात साबणाचा अंश जास्त लागतो.

घटकांच्या यादीत ‘सोडियम पामेट’, ‘सोडियम पाम कर्नलेट’ किंवा ‘सोडियम कोकोएट’ ही नावं बहुतेक साबणांत सापडतील. त्यांच्याशिवाय ‘ग्लिसरीन’ किंवा ‘स्टिअरिक ॲसिड’ दिसलं, तर ती वडी दाढीला अधिक चांगली. पारदर्शक ग्लिसरीन साबणांचा फेस दिसायला कमी असतो, पण निसरडेपणा चांगला असतो. कोरड्या कातडीच्या माणसांनी ते जरूर वापरून पाहावेत. घमघमीत वासाचे साबण टाळा. नुकत्याच खरडलेल्या कातडीवर सुगंधी द्रव्यं झोंबतात. स्क्रबचे कण असलेली वडी तर नकोच. कपड्यांचा साबण कितीही अडचण आली तरी चेहऱ्याला लावू नये. त्यात धुण्याचा सोडा आणि सिलिकेटसारखे क्षार असतात, ते चेहऱ्यासाठी नाहीत.

‘मॉइश्चरायझिंग बार’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही वड्या रसायनशास्त्राच्या दृष्टीने मुख्यतः साबण नसतातच, त्या सिंथेटिक डिटर्जंटच्या असतात. डव्ह हे त्याचं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण. तिच्या घटकांत स्टिअरिक आम्लही असतं. अशा वडीचा फेस फार उंच होत नाही, पण सायीचा असतो, आणि जड पाण्यात ती खऱ्या साबणापेक्षा बरी वागते.

इथे पाण्याकडे वळलंच पाहिजे, कारण माझ्या मते दाढी बिघडवण्यात साबणापेक्षा नळाचा वाटा मोठा असतो. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून न विरघळणारा चोथा तयार करतं. बादलीच्या कडेला, टाइल्सवर बसणारा पांढुरका चिकट थर तो हाच. तो गालावर बसतो, रंध्रांत बसतो, रेझरच्या पात्यांमध्ये अडकतो, आणि तेवढा साबण फेस करायला उरत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत सूट आहे. बोअरच्या पाण्यावर राहणाऱ्यांना हा जडपणा आकड्यांशिवायही कळतो: डाळ शिजत नाही, गीझरच्या कॉइलवर खडूसारखी खपली धरते, डोक्यावरून न्हालं तरी केस राठ राहतात.

तुमचं पाणी कसं आहे ते पाच मिनिटांत पाहता येतं. दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत नळाचं पाणी, दुसरीत आरओचं किंवा पावसाचं धरलेलं पाणी, दोन्ही अर्ध्यापर्यंत. साबणाचा नखाएवढा तुकडा चाकूने खरवडून दोन्हींत सारखा टाका, बुच लावून चांगलं हलवा आणि टेबलावर ठेवून द्या. एका बाटलीत फेसाचा जाड थर टिकून राहिला आणि दुसरीत गढूळ पाण्यावर तुटक कण तरंगताना दिसले, तर साबण बदलून उपयोग नाही, पाणी बदला. दाढीला लागतं कितीसं पाणी? फेसासाठी एक फुलपात्र पुरतं. तेवढं पिण्याच्या आरओचं घ्यावं. आरओ नसेल तर पाणी खळखळून उकळवून, निवळू देऊन वरचं वापरावं. उकळल्याने जडपणाचा एक भाग पांढऱ्या साक्याच्या रूपाने तळाशी बसतो. सगळा जात नाही, पण फरक जाणवतो. कोकण किनाऱ्यावर विहिरीला खारं पाणी असेल तर खोबरेल तेलाचं प्रमाण जास्त असलेला साबण शोधा. खारट पाण्यात तोच फेसाळतो. बोटीवरच्या खलाशांसाठी पूर्वी खास खोबरेलाचाच साबण बनवत, ते याच कारणाने.

आपल्याकडे बहुतेक घरांत आधी दाढी आणि मग आंघोळ असा क्रम आहे. कापलेले केस अंगावर घेऊन वावरायचं नाही, हा त्यामागचा विचार. क्रम मोडायची गरज नाही, पण मग केस भिजवण्याचं काम वेगळं करावं लागतं. चेहरा कोमट पाण्याने आणि साबणाने एकदा नीट धुवा. हा साबण तेलकटपणा काढण्यापुरता, तो पूर्ण धुऊन टाका. नंतर गरम पाण्यात पिळलेला पंचा गालांवर आणि हनुवटीवर दाबून धरा, थंड झाला की पुन्हा बुडवा. दोन-तीन मिनिटं हे करा. खुंट बोटाला टोचायचे कमी झाले की समजा पाणी मुरलं. जे आंघोळीनंतर दाढी करतात त्यांचं हे काम आपोआप झालेलं असतं. त्यांनी फक्त चेहरा पुसू नये.

चेहरा निथळत असतानाच वडी थेट दाढीवर फिरवा, शेव्हिंग स्टिक फिरवतात तशी. आधी केसांच्या उलट दिशेने, म्हणजे खुंटच वडीवरून साबण खरवडून घेतात. गालांवर, जबड्याच्या कडेने, हनुवटीखाली, असा सगळीकडे लेप बसला पाहिजे. हात आखडता घेऊ नका. साबण कमी आणि पाणी जास्त झालं की नुसते बुडबुडे होतात, आणि बुडबुड्यांवर पातं घसरत नाही. मग ब्रश भिजवा, झटकून त्यातलं बरंचसं पाणी काढा आणि चेहऱ्यावरच गोल गोल घोटायला लागा. सुरुवातीला चिकट, पेस्टसारखं लागेल. ब्रशची टोकं पाण्यात बुडवून दोन थेंब घ्या, पुन्हा घोटा. पुन्हा दोन थेंब. हळूहळू मोठे बुडबुडे मोडतात, फेस बारीक होतो आणि घट्ट दह्यासारखा चमकदार दिसायला लागतो. तिथे थांबा. बोटावर घेऊन अंगठ्याने चोळून बघा. सुळकन घसरलं पाहिजे, करकरलं तर पाणी कमी आहे. फेस बोटावरून ओघळला तर पाणी जास्त झालं, पुन्हा थोडा साबण चोळा.

या सगळ्यात ब्रशचं महत्त्व फार आहे. उत्तम साबण आणि ब्रश नाही, यापेक्षा साधा साबण आणि ब्रश आहे ही स्थिती बरी, असं माझं ठाम मत आहे. ब्रशचे केस हवा बारीक करून फेसात घालतात, आडवे पडलेले खुंट उभे करतात आणि त्यांच्या मुळाशी पाणी पोहोचवतात. बोटांना हे नीट जमत नाही. ब्रश हाताशी नसेल तर आंघोळीच्या नायलॉनच्या जाळीत साबण चोळून फेस काढा. तळहातावरच्या फेसापेक्षा तो पुष्कळ दाट येतो.

ग्लिसरीन घरात असेल तर फेस तयार होत आल्यावर त्यात दोन-तीन थेंब टाका. औषधाच्या दुकानात छोटी बाटली सहज मिळते आणि ती वर्षभर पुरते. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं, म्हणजे आंघोळीच्या साबणात जे कमी आहे तेच नेमकं पुरवतं. खोबरेल तेल वापरायचं असेल तर दोन थेंबांच्या वर नको, आणि केस भिजल्यानंतरच लावायचं. कोरड्या दाढीला आधी तेल चोपडलं तर पाणी आत जायला अडतं आणि शिवाय फेसही मोडतो.

आता पातं. आधी बोट फिरवून केस कोणत्या दिशेने वाढतात ते पाहून ठेवा. मानेवरचे केस पुष्कळांचे आडवे किंवा खालून वर वाढतात, आणि मानेची आग होण्याचं कारण बहुधा तेच असतं. पहिला हात केसांच्या दिशेनेच. साबणाच्या फेसावर पहिल्याच फटक्यात उलटा हात मारू नका. क्रीमने संपूर्ण चेहरा एकदम माखून आरामात दाढी करता येते, साबणाने तसं करू नये. सगळीकडे फेस लावा, पण रेझर लावण्याआधी ज्या भागाची दाढी करायची त्या भागावर ओला ब्रश पुन्हा एकदा फिरवा. एक गाल झाला, मग दुसऱ्या गालावर ब्रश, मग तो गाल. मग मान. हनुवटी आणि ओठांवरची बाजू शेवटी, कारण तिथले केस जाड असतात आणि त्यांना भिजायला तेवढाच जास्त वेळ मिळतो. सलूनमधले चांगले कारागीर दाढी करताना मध्येच चेहऱ्यावर पाण्याचा हात फिरवतात, बारीक फवारा मारतात. तेच आपणही करायचं. फेस मॅट, कोरडा दिसू लागला की पातं उचला आणि आधी ओलावा द्या.

जोर अजिबात लावायचा नाही. सेफ्टी रेझर असेल तर साधारण 30 अंशांच्या कोनात धरून त्याच्या वजनानेच खाली येऊ द्या. हात छोटे, इंच-दीड इंचाचे. प्रत्येक हातानंतर पातं पाण्यात खळबळून घ्या. तीन-चार पात्यांच्या कार्ट्रिजमध्ये साबण आणि केस घट्ट अडकून बसतात, त्यामुळे ती नळाच्या धारेखाली मागच्या बाजूने धुवावी लागतात. एका पात्याचा सेफ्टी रेझर साबणाशी जास्त जुळतो, कारण तो उघडून दोन्ही बाजूंनी स्वच्छ करता येतो. पातं नवं किंवा एक-दोनदाच वापरलेलं असावं. पोलाद केसापेक्षा सुमारे 50 पट कठीण असूनही धारेचे बारीक टवके उडतात, हे अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी 2020 मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. बोथट पात्याला क्रीम थोडं सांभाळून घेतं. साबण सांभाळत नाही.

गुळगुळीत घोटलेली दाढी हवीच असेल तर पुन्हा फेस लावून दुसरा हात आडवा घ्या. रोज दाढी करणाऱ्यांनी उलट्या हाताचा हट्ट सोडावा. विशेषतः ज्यांचे केस कुरळे आहेत त्यांनी. खूप खोलवर कापलेला कुरळा केस वळून कातडीतच वाढतो आणि तिथे पुटकुळी येते.

दाढीनंतर साबण नीट धुऊन काढणं हे क्रीमच्या वेळेपेक्षा जास्त गरजेचं आहे. निरोगी कातडीचा पीएच 5 च्या आसपास असतो आणि साबणाचा 9 ते 10. कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या कोनात, नाकपुडीच्या कडेला साबण राहून जातो आणि दुपारपर्यंत तिथेच खाज सुटते. आधी कोमट आणि मग थंड पाण्याने तीन-चारदा चेहरा धुवा. ओल्या चेहऱ्यावर तुरटीचा खडा हलकेच फिरवा, थोडा वेळ थांबा आणि पाण्याने काढून टाका. बारीक कापलेलं असेल तर रक्त थांबतं, आणि कुठे जास्त झोंबतंय यावरून कोणत्या जागी हात जड पडला तेही समजतं. तुरटी चेहऱ्यावर तशीच वाळू दिली तर कातडी ओढते. शेवटी, चेहरा दमट असतानाच, थोडं साधं मॉइश्चरायझर किंवा तळहातावर पसरलेला खोबरेल तेलाचा एखादा थेंब लावा. साबणाने गेलेला तेलकटपणा काही प्रमाणात भरून येतो. स्पिरिटवालं आफ्टरशेव्ह त्या दिवशी नको, कातडी आधीच कोरडी पडलेली असते.

साबणानेच दाढी करायचं ज्यांनी ठरवलंय त्यांनी न्हाणीघरातल्या उरलेल्या चिपा फेकू नयेत. जुन्या पिढीला स्टीलच्या वाटीत बसणारी शेव्हिंगच्या साबणाची गोल वडी आठवत असेल. तशी वाटी घरी करता येते. पहिल्या प्रतीच्या साबणाच्या चिपा साधारण 50 ग्रॅम किसून घ्या. किसणी मात्र स्वयंपाकाची नको, तिचा वास जात नाही. किसावर तो जेमतेम ओला होईल इतकंच गरम पाणी शिंपडा, वर अर्धा चमचा ग्लिसरीन घाला आणि झाकून रात्रभर ठेवा. सकाळी वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात धरून चमच्याने दाबत एकजीव करा. पसरट वाटीत थापून दोन-तीन दिवस वाळू द्या. यात स्टिअरिक आम्ल काही वाढत नाही, तेव्हा हा शेव्हिंगचा साबण झाला असं नाही. पण वडी मऊ राहते, ब्रशवर लवकर चढते आणि ग्लिसरीनमुळे फेस जास्त वेळ ओला राहतो. कॉस्टिक वगैरे आणून पोटॅशियमचा साबण घरी करण्याच्या फंदात अनुभव नसताना पडू नका. थेंबभर उडालं तरी डोळ्याला इजा होते. वापरानंतर वाटीतलं पाणी ओतून टाका, ब्रश झटकून टांगून ठेवा, रेझर कोरडा करा. हॉस्टेलवर वडी वाटून घ्यायची असेल तर चेहऱ्यावर न फिरवता आपापल्या ब्रशवर घ्या, आणि रेझर कोणाचाच कोणी वापरू नये. हिपॅटायटिस बी आणि सी रक्ताच्या न दिसणाऱ्या अंशातूनही पसरू शकतात.

काहींनी मात्र साबणाच्या वाटेला जाऊ नये. ज्यांच्या चेहऱ्यावर इसब आहे, मुरमं पिकलेली आहेत, दाढीनंतर नेहमी फोड उठतात, त्यांच्यासाठी कातडी कोरडी करणारी कोणतीही गोष्ट त्रास वाढवते. नव्याने दाढी सुरू करणाऱ्या मुलांनाही पहिले काही महिने क्रीमच द्या. हात बसलेला नसतो, तेव्हा वर दाट थर असलेला बरा. आणि ज्यांच्याकडे बोअरचं जड पाणी आहे, फिल्टरही नाही, त्यांनी अडीनडीला केसांचा कंडिशनर वापरून पाहावा. फेस अजिबात येत नाही, त्यामुळे कुठवर दाढी झाली हे बोटाने चाचपत जावं लागतं, पण पातं छान घसरतं आणि चोथा धरत नाही. रोजच्यासाठी अशा ठिकाणी शेव्हिंग क्रीमच ठेवावं, आणि तेही उकळून निवळलेल्या पाण्यातच घोटावं. साबण वापरणाऱ्यांनी दोन आठवडे चेहऱ्याकडे लक्ष ठेवावं. दाढीनंतर तासाभराने गाल ताणल्यासारखे वाटत असतील किंवा भुवयांच्या खाली, नाकाच्या कडेला कोंडा दिसू लागला असेल, तर एक दिवसाआड साबण आणि एक दिवसाआड क्रीम असं करून पाहावं. तरीही कमी झालं नाही तर साबण बंद करून त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावं.